शेवटची होडी आणि नाझमीनचं कुलूप

नाझमीनने कुलूप विकत घेतलं ते मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास. बारा वाजता गावात ज्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती तो एक तर बहिरा होता, नाहीतर देवळातला पाषाण.

आता कुलूप घेणं हा काही गुन्हा नव्हे. पण हार्डवेअरवाला बाळा मला दुकानाच्या पायरीवर बसवून काय सांगत होता ते ऐका. "सात लिव्हरचा मागितल्यान. मी बारक्या दाखवलंय, तर म्हणता, ह्या नको, ह्या एका दगडात तुटात. आता दगड कोण मारतलो, ता इचारूची माझी छाती झाली नाय."

मी म्हटलं, "बाळा, परवा गुरुवार ना रे?"

बाळाने मास्क हनुवटीखाली ओढला आणि माझ्याकडे बघत राहिला. गुरुवारी गावपळण होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा गाव मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. नाव लिहीत नाही, लिहिलं तर महादू मानकरी काठी घेऊन माझ्या दारात उभा राहील. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा हुकूम होतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री घरं सोडून खाडीपलीकडच्या माळावर खोपी घालून राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. देऊळवाडीतली घरं जातात तशी बंदरावरची मुसलमानांची घरंही जातात. पळणीला जातपात नाही. चौथ्या दिवशी शिवेवर देवाचा कौल घ्यायचा. उजवा झाला की परत. आणि या दिवसांत आमच्याकडे दाराला कुलूप घालत नाहीत. नुसती कडी, आणि कडीत आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी. घर एकदा देवाच्या हवाली केलं, मग वर कुलूप लावणं म्हणजे देवालाच चोर ठरवणं.

त्यात ते साल दोन हजार वीस. मार्चपासून सरकार सांगत होतं घराबाहेर पडू नका, आणि डिसेंबरात देव म्हणाला घरात राहू नका. आम्ही दोघांचंही ऐकलं. मास्क लावून पळालो.

तर अशा वेळी सात लिव्हरचं कुलूप कोणासाठी? सत्यवानासाठी. दुसरं कोण?

नाझमीन ही मूळची बांद्याची. गुलजारशी लग्न होऊन इथे आली तेव्हा एवढीशी होती, पण आवाज असा की तिने बंदरावरून कोंबडीला हाक मारली तर देऊळवाडीतल्या कोंबड्या दचकायच्या. गुलजार बोटीवर भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. वर्षातले दहा महिने परमुलखात. मागे सासरा, त्याची होडी आणि त्या घराण्याचा मान. गावपळणीला सर्वांत शेवटची होडी त्यांची. सगळा गाव पलीकडे गेला की ती होडी खाडीच्या मधोमध थांबते, होडीतला माणूस उभा राहतो आणि गावाकडे तोंड करून हाळी देतो, "गाव सुनो झालो रे होऽऽ!" ही हाळी झाल्याशिवाय पलीकडे चूल पेटत नाही. एका वर्षी सासऱ्याचा घसा बसला, गुलजार कुठेतरी आफ्रिकेच्या किनाऱ्याला, आणि म्हाताऱ्याने सुनेला उभं केलं. मानकऱ्यांनी कुरकूर केली. बाईमाणूस हाळी देणार? मग तिने दिली. त्यानंतर कुरकूर ऐकायला कोणाच्या कानात जागा राहिली नाही. तेव्हापासून हाळी नाझमीनची.

गुलजार दोन हजार सतरात वारला, म्हातारा त्याच्याआधीच गेला होता. मुलगा अतहर, तोही बापासारखाच बोटीवरच्या स्वयंपाकघरात. नाझमीन खाडीकडच्या पडवीत राहायला लागली, तिथेच गोधड्या शिवायची, आणि पुढच्या तीन खोल्या तिने सत्यवानाला भाड्याने दिल्या.

सत्यवान मंडपवाला. कापडं, बांबू, खुर्च्या, कढया, यांतून उरलेल्या जागेत तो, बायको अक्षया आणि दोन मुली. माणूस गरीब स्वभावाचा. लग्नात नवरा पळून गेला तरी तो जागचा हलायचा नाही. पण आभाळात बोटभर काळं दिसलं की हातातला घास ताटात टाकून कापडं गुंडाळायला धावायचा. आपलीच असं नव्हे, कोणाचीही. माझ्या बायकोचं लुगडं त्याने दोनदा वलणीवरून काढून, घडी करून ओट्यावर ठेवलंय. मी दोन्ही वेळा त्याच्याकडे जरा संशयानेच बघितलं. धंद्याची खोड. भिजलेलं कापड कुजतं, आणि कापड कुजलेलं त्याला बघवत नाही.

एकतीस मार्चला घर सोडायचं असं दोघांत ठरलेलं होतं. अतहर बायकोला घेऊन गावी येणार होता. सत्यवानाने वरच्या वाडीत दुसरं घरही बघून ठेवलं होतं. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं जग बंद झालं. वरच्या वाडीतला मालक म्हणाला, "आता नको रे बाबा, साथ जावंदे." लग्नं बंद, जत्रा बंद, मंडप घरात पडून. वर सरकारचं फर्मान आलं की साथ आहे तोवर कोणाही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. सत्यवानाने फोनवर आलेला तो कागद नाझमीनला ओट्यावर उभं राहून वाचून दाखवला, अगदी शुद्ध मराठीत, तहसीलदारासारखा.

नाझमीनने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरा वाचतस. आता सरकाराक लिवन इचार, माझो झील येतलो तेका खंय ठेवू? मंडपात?"

तिथून जे सुरू झालं ते आम्ही बाजारकऱ्यांनी आठ महिने चवीने बघितलं. नाझमीन पहाटे पाचला सत्यवानाच्या भिंतीला टेकून मसाला कुटायची. कोंबड्यांची खुराडी पडवीतून पुढच्या ओट्यावर आली. सत्यवान मुकाट्याने ओटा धुवायचा. अक्षया मात्र धुता धुता मोठ्याने म्हणायची, "कोंबड्यांका तरी सरकाराचो कागद वाचून दाखवा हो!" पण एक सांगतो, विहीर एकच होती, रहाट नाझमीनच्या बाजूला होता, आणि तिने एक दिवससुद्धा दोर काढून ठेवला नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण तिने जे केलं नाही तेच तिकडे मुंबईत अतहरच्या घरमालकाने केलं. बोट बंद पडली तसा अतहर मुंबईला एका खोलीत अडकला होता, तोही भाडेकरूच. त्यालाही त्याच फर्मानाने आठ महिने छप्पर दिलं. नोव्हेंबरात मालकाने त्याला बाहेर काढलं नाही, फक्त नळ बंद केला. घरातून काढू नका असं सरकारने म्हटलं होतं, नळ चालू ठेवा असं कुठे म्हटलं होतं? पळणीच्या आठवड्यातच अतहरचा फोन आला, "अम्मा, शुक्रवारी येतंय. आमका जागा करून ठेव." त्याची बायको सुहाना, आठ महिन्यांची मुलगी, आणि पडवीत नाझमीनची खाट टाकली की उरते ती फक्त शिवणाची चटई.

म्हणून ते कुलूप. सत्यवानाचं बिऱ्हाड पळणीला बाहेर पडलं की सगळ्यात शेवटी गावात राहणार कोण? शेवटच्या होडीवाली. दाराला कुलूप घालायला तिला कोणाची परवानगी नको होती. मग बसा म्हणावं सरकारचे कागद वाचत माळावर.

ही बातमी अक्षयाच्या कानावर कोणी घातली याबद्दल गावात दोन मतं आहेत. दोन्ही मतं माझंच नाव घेतात. मी एवढंच म्हणालो होतो की, "बायो, निघताना औषधंबिषधं, कागदपत्रं जवळ घे. काय सांगता येना नाय." तिचा चेहरा उतरलेला मी बघितला. तेवढ्यावरच मी थांबायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी नौबत झाली आणि गाव हलला. सत्यवानाने आधीचे दोन दिवस राबून पलीकडे निम्म्या गावाच्या खोपींवर ताडपत्र्या घालून दिल्या होत्या, नाझमीनच्या खोपीवरसुद्धा. बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, टेम्पो घेऊन बांद्याला जातो, तिथे एका बारशाचा छोटा मंडप आहे, रविवारी येईन. अक्षया दोन्ही मुलींना घेऊन दुपारच्या होडीने गेली. आम्ही दहाबारा रेंगाळणारे शेवटच्या होडीत बसलो, आणि नाझमीनचा पत्ता नाही.

ऊन कलायला लागलं. रिकाम्या गावाचा आवाज कधी ऐकलाय? नळाचं पाणी टपकतं तेवढं ऐकू येतं. माझे डोळे तिच्या घराकडे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ती आली, खांद्याला पिशवी, एका बाजूला जड ओढलेली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"उशीर केलंस गो," मी म्हटलं.

"दाराक टाळ बांधी होतंय," ती म्हणाली. "तुमी कित्याक इचारतास? तुमच्या दाराक बांधूचो रवलो काय?"

होडी मधोमध थांबली. ती उभी राहिली, ओढणी सावरली, गावाकडे तोंड केलं, आणि हाळी दिली. "गाव सुनो झालो रे होऽऽ!" पलीकडच्या माळावरून गुरं हंबरली. मला मात्र एकच प्रश्न छळत होता, घातलं की नाही?

उत्तर तासाभरात मिळालं. नाझमीनच्या खोपीची एक खुंटी वाऱ्याने सैल झाली. ठोकायला दगड मिळेना. तिने पिशवीत हात घातला आणि सात लिव्हरचं कुलूप बाहेर काढलं, कागदासकट. कुलपानेच खुंटी ठोकली, ठण् ठण् ठण्, आणि कुलूप पुन्हा पिशवीत टाकलं.

मला तर हसूच आलं. बाईने कुलूप घेतलं, दारापर्यंत नेलं, आणि लावलं नाही! जिच्या तोंडी हाळी, तिच्या हातून कुलूप कसं घातलं जाणार? पण हसता हसता माझी नजर शेजारच्या खोपीत गेली. अक्षया भाताचं आधण ठेवत होती. तिने ते कुलूप बघितलं, आणि तिच्या हातून पातेलं असं कलंडलं की चूल विझली. मला वाटलं, सुटकेच्या आनंदात झालं असेल. माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होतोच असं नाही.

शुक्रवारी दुपारी अतहर आला. कुडाळला गाडीतून उतरून रिक्षाने आला, तर रिक्षावाल्याने शिवेवरच सामान उतरवलं. आठ महिने एका खोलीत कोंडलेला माणूस घरी येतो आणि आई त्याला माळावर ताडपत्रीखाली भेटते. मुलीला छातीशी धरून सुहाना उभी, कुठे बसावं तिला कळेना. अतहरने वर बघितलं. ताडपत्रीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'सत्यवान मंडप डेकोरेशन'.

"अम्मा, घर रिकामा केल्यान काय तेणी?"

"नाय."

"आणि तू?"

"मी काय?"

"कुलूप घालूचा होता! तीन दिवस गाव रिकामो! माझ्या मालकान बघ कसो एका दिसात—"

"तुझ्या मालकाचा नाव माझ्या खोपीत घेव नको," नाझमीन म्हणाली. "तुका आठ महिने मुंबयत कोणी ठेवल्यान? तेच कागदान. हयसर येवन तो कागद खोटो झालो?"

"मग आमी खंय जावचा? तू सांग. ह्या चेडवाक घेवन खंय जाव?"

नाझमीन उठून खाडीच्या काठाशी जाऊन बसली. मीही थोडं अंतर राखून बसलो, सहा फूट, नियम तो नियम. समोर अरुंद पाण्यापलीकडे, दगडाच्या टप्प्यात, तिच्या घराचं मागील दार, विहीर आणि वलणी. वलणीवर एक गोधडी वाळत होती.

"अरे देवा," ती म्हणाली, "ती बाहेरच रवली."

मी ओळखली. गुलजारच्या लुंग्या आणि बोटीवरचे पांढरे सदरे जोडून शिवलेली. विकायची नव्हे, तिची अंगावर घ्यायची. आणि नेमकं तेव्हाच दर्याकडून आभाळ भरून आलं. मार्गशीर्षातला अवकाळी पाऊस. आधी वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब. माळावर एकच धावपळ. कोणाची चूल, कोणाची वैरण. मी खोपीत पळालो. दहा मिनिटांत सर येऊन गेली, आणि मी बाहेर येऊन बघतो तर नाझमीन त्याच जागी, चिंब भिजलेली, हलली नव्हती. पलीकडे बघत होती.

वलणी रिकामी होती.

वाऱ्याने उडाली म्हणावी तर खाली अंगणात नाही, विहिरीच्या कठड्यावर नाही. आणि दोन्ही चिमटे वलणीवर शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले. वारा चिमटे लावून ठेवत नाही.

बांदा नाही, बारसं नाही. कुलपाच्या धाकाने सत्यवान घर धरून आत बसला होता. कुलूप तर लागलंच नाही, पण आता त्याला बाहेर पडायची सोय राहिली नव्हती. हाळी झाली होती. हाळीनंतर जो गावात सापडेल त्याला या गावात पुन्हा कोणी पाणी विचारणार नाही, ही आमची रीत. आणि इतकं सगळं जिवावर बेतलेलं असताना पाऊस आला म्हणून तो गोधडी काढायला बाहेर आला. जिच्या भीतीने लपला तिचीच गोधडी!

मागे पावलं वाजली. अक्षया येऊन उभी होती. तिनेही रिकामी वलणी बघितली. नाझमीनने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"चाची," अक्षया म्हणाली. नाझमीनने तिला पुढे बोलू दिलं नाही.

"जेवाक काय ठेवलंस तेका?"

"पोहे. आणि चार केळी."

"तीन दिसांक?" नाझमीन म्हणाली. "शाबास गो तुझी." आणि उठून गेली.

शनिवारचा दिवस कसा गेला ते माझं मला ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ अशी बातमी होती की जी सांगायला जीभ वळवळत होती आणि सांगण्याची हिंमत होत नव्हती. अतहर आईच्या मागे लागला होता. तोही बोटीवरचा, लांबचं बघायची सवय त्याच्या डोळ्यांना होती. ताडपत्रीआडून मला ऐकू येत होतं.

"गोधडी खंय गेली, अम्मा? कोण आसा घरात? महादूभाऊंका एक शब्द सांग. कोर्ट नको, कागद नको. गावच तेका भायर काढीत. घर आपला."

"गप रव."

"मग मी सांगतंय."

"हाळी माझी. तिचा काय करूचा ता मी बघतलंय. तू मदी बोललस तर तुझ्या बापाशीच्या होडीत पाय ठेवूचो नाय." आणि मग हळू आवाजात, "चेडू रडता, बघ तिका."

शेजारच्या खोपीत अक्षयाची चूल त्या दिवशी पेटलीच नाही. दुपारी सुहाना तिच्या मुलींना भाकरी देऊन आली. कोणी सांगितलं होतं का तिला? मला नाही वाटत.

रविवारी सकाळी शिवेवरच्या पाषाणासमोर सगळा गाव जमला. महादू मानकरी पुढे. सत्तरीचा, काठीसारखा सरळ आणि काठीसारखाच लागणारा. त्याने गाऱ्हाणं घातलं, गाव 'होय महाराजा' म्हणाला, गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आम्ही वाट बघत राहिलो. डावी पाकळी पडली.

पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा डावी.

लोकांत कुजबूज सुरू झाली. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. गुरं शिवेकडे ओढ घेत होती, पोरं रडत होती. महादू सावकाश वळला.

"गाव सुनो नाय," तो म्हणाला. "कोणतरी रवलासा."

त्याची नजर एकेका घरावरून फिरली आणि अक्षयावर थांबली. "तुझो घोव खंय?"

"बांद्याक गेलेत." आवाज इतका बारीक की महादूने काठी आपटली.

"मोठ्यान बोल!"

"बांद्याक..."

महादूने नजर काढली ती नाझमीनवर नेली. "शेवटची होडी तुझी. हाळी तुझी. तुझ्या सासऱ्यान, तेच्या बापाशीन कधी खोटी हाळी दिल्यानी नाय. आता ह्या देवासमोर सांग. गाव सुनो आसा?"

अतहर आईच्या मागे उभा होता. खांद्यावर मुलगी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एक वाक्य, आणि घर मोकळं. तेही खोटं नव्हे, खरं. समोर अक्षयाने दोन्ही मुलींचे हात इतके घट्ट धरले होते की धाकटी कळवळली.

नाझमीन पुढे आली.

"नाय," ती म्हणाली. "सुनो नाय. माझ्या घरात एक माणूस आसा. सत्यवान."

अक्षयाने मुलींना पदराखाली ओढलं. गावात गलका उठला. महादूने हात वर केला, पण नाझमीनचा आवाज त्याच्याही वर गेला. तो आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

"तेका मीच ठेवलंय! घर राखूक. माझो झील येतलो होतो, माझा सामान होता, माझी मती फिरली. तो नको म्हणी होतो. घर माझा, मी सांगतंय तसा वागूचा नाय तर सामान उचल, असा सांगितलंय तेका. भाडेकरू माणूस, काय करतलो? रवलो. चूक तेची नाय. हाळी खोटी दिलंय ती मी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. त्या माळावर तिला सोडून खरं काय ते जाणणारी चार माणसं होती, आणि त्यांतलं एकही तोंड उघडेना. त्यांत माझं तोंड होतं हे ध्यानात घ्या.

महादूने काठी खाली टेकली आणि म्हणाला, "तू देवाक खोटा सांगितलस, नाझमीन."

"होय."

"पुढच्या पळणीक शेवटची होडी दुसऱ्या घरची."

हे ऐकून अतहरनेच मान खाली घातली. घराण्याचा मान होता तो, पणजोबापासूनचा. नाझमीन म्हणाली, "बरा." आणि लगेच, "पण ही पळण अजून संपाक नाय. तेका आणूक कोण जातलो? मीच जातंय."

ती एकटी होडी वल्हवत गेली. आम्ही काठावर उभे. ती घराच्या मागच्या पायऱ्यांशी लागली आणि नुसतं म्हणाली, "सत्यवाना, भायर ये." ओरडावं लागलंच नाही. मागील दार उघडलं. तीन दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले, आणि डोक्यावर घडी केलेली गोधडी, मंडपाच्या कापडासारखी, चारी कोपरे आत. तो होडीत बसला. ती काय बोलली, तो काय बोलला, ते कोणाला कळलं नाही. मी पुढे दोघांनाही खोदून खोदून विचारलं. दोघंही म्हणतात, काही बोललोच नाही. खाडीच्या मधोमध होडी थांबली. ती उभी राहिली, गावाकडे वळली, आणि शेवटची हाळी दिली. गाव सुनो झाल्याची. या खेपेला खरी.

कौल उजवा झाला.

आता पुढचं. गावात परतल्यावर चौथ्या दिवशी सत्यवानाने नाझमीनच्या अंगणात, विहिरीच्या अलीकडे, बांबू रोवले. दुहेरी ताडपत्री, कडेला कनात, आत खुर्च्यांच्या उतरंडीची भिंत. असा मंडप त्याने आमदाराच्या मुलीच्या लग्नातही घातला नसेल. बिऱ्हाड त्यात हलवलं आणि पुढच्या तीन खोल्यांच्या किल्ल्या ओट्यावर ठेवल्या. नाझमीन म्हणाली, "सरकाराचो कागद आसा मा तुझ्याकडे? मग कित्याक हलतस?" तो म्हणाला, "कागदात घराभायर काढू नको असा आसा. भायर जाव नको असा खंय आसा?"

बाजारातली काही मंडळी डोळे मिचकावून म्हणतात की बाई पक्की आहे; सरकारी कागदामुळे जे होत नव्हतं, सात लिव्हरच्या कुलपाने जे झालं नाही, ते तिने देवासमोर एक खोटं बोलून करून घेतलं. मी त्यांना म्हणतो, मान गमावून कोणी खोल्या विकत घेतं का? ते म्हणतात, घेतं. आणि हे मलाही रात्रंदिवस पडलेलं कोडं आहे. नाझमीनला विचारलं तर ती म्हणते, "तुमका दुसरो उद्योग नाय?"

मंडपात ते बिऱ्हाड पाच महिने राहिलं. मसाला कुटायचं थांबलं, पण कोंबड्या मात्र आता मंडपात शिरायच्या आणि अक्षया त्यांना अतहरच्या ओट्यावर हाकलायची. सुहाना आणि तिच्यात पाण्यावरून एकदा अशी जुंपली की मी जेवण सोडून बघायला गेलो. उगाच गोडगोड काही नव्हतं.

मग मे महिन्यात ते वादळ आलं. रविवार होता. सकाळीच मंडपाचं छप्पर खाडीत गेलं, बांबू गेले, खुर्च्या रस्त्यावरून पळत सुटल्या. सत्यवान या वेळी कापडामागे धावला नाही. मुलींना काखेत मारून घराकडे धावला. नाझमीन दार धरून उभीच होती. सगळे आत आले, आठ माणसं आणि कोंबड्या. पण वाऱ्याच्या एका तडाख्याने आतली कडी निखळली आणि दार थडाथड आपटू लागलं. सत्यवान आणि अतहर दोघांनी पाठ लावली तरी दार ऐकेना. तेव्हा नाझमीनने फळीवरची पिशवी ओढली, सात लिव्हरचं कुलूप काढलं आणि आतून कोयंड्यात घातलं.

दुपारी कधीतरी वारा पडला. मग किल्ली सापडेना. पिशवी, खाट, मसाल्याचे डबे, सगळं पालथं घातलं. शेवटी सत्यवान मागील दाराने बाहेर पडून, झाडं ओलांडत, बाळाच्या दुकानापाशी आला. मीही तिथेच होतो, उडालेले पत्रे मोजत.

"बाळा, ह्या कुलपाची दुसरी किल्ली आसा काय रे?"

बाळाने पावती फाडताना दोन्ही किल्ल्या नाझमीनच्याच हातात दिल्या होत्या, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग सत्यवानाकडे.

"दगड मारून बघ," तो म्हणाला. "पण एका दगडात तुटाचा नाय हां. आधीच सांगतंय."